सोळा मण धरा

मी जन्मभर बीजगणित शिकवले. त्यातली पहिली दोन वर्षे मला बीजगणित येत नव्हते. ही गोष्ट मी एका माणसाखेरीज कोणाला सांगितलेली नाही, आणि त्या माणसाला सांगितली याचे दुःख न सांगण्याच्या दुःखाहून मोठे निघाले. म्हणून आता सगळेच लिहून ठेवतो.

येत नव्हते म्हणजे उदाहरणे सुटत नव्हती असे नाही. उदाहरणे भराभर सुटत. पद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलायचे, छेद काढून टाकायचा, शेवटी डावीकडे एकटा य उरला की उजवीकडचा आकडा म्हणजे उत्तर. त्याखाली दोन रेघा ओढायच्या. पण तो य कोण, कुठून आला, आकड्यांच्या पंगतीत अक्षर कशाला बसवले, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आमचे घर बार्शीटाकळीचे, भिक्षुकीचे. वडिलांनी मला सहाव्या वर्षापासून वेदांची संथा दिली ती अर्थाशिवाय. चुकीचा स्वर लागला तर मांडीवर चिमटा बसे, अर्थ विचारला तरी चिमटाच बसे. बीजगणितही मी तसेच पाठ केले आणि त्याच जोरावर अकोल्याच्या सरकारी शाळेत वरच्या वर्गाचा मास्तर झालो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

ती कापसाच्या तेजीची वर्षे होती. समुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे विलायतेला आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा झाला होता, एवढेच आम्हाला ठाऊक. ज्यांनी जन्मात ज्वारीखेरीज काही पेरले नव्हते त्यांनी घरामागच्या वाडीतली वांगी उपटून सरकी टोबली. आमच्या शाळेच्या ओट्यावर एका अडत्याने गाठी रचल्या होत्या. वारा सुटला की रुईचे तंतू वर्गात येत आणि पोरांच्या टोप्यांना चिकटत. वेचणी लागली की वर्ग निम्मा रिकामा होई. सरकार शाळा काढते आणि शेत पोरे परत नेते, असे माझ्याबरोबरचे वडीलधारे शिक्षक म्हणत. ते खालचे वर्ग सांभाळीत. वरचा वर्ग माझा.

त्या वर्गात एक विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणायचे एवढेच. वय अठरा-एकोणीस, लग्न झालेले, मिशी फुटलेली. बाळापूरकडचा, कुणब्याच्या घरचा. काळ्या जमिनीची दोन वावरे होती त्यांची. तो अकोल्याला मावशीकडे राहून शिकत होता, कारण त्याला मोजणी खात्यात जायचे होते. तेव्हा सरकारी मोजणी गावोगाव चालू होती. साखळ्या घेऊन माणसे येत, शेते मोजत, आणि जमिनीचा कस आण्यांत ठरवीत. हे आणे पैशाचे नव्हेत. आपल्याकडे पिकाला आणि जमिनीलाही आणे लावतात. पुरे म्हणजे सोळा आणे, पाऊण म्हणजे बारा, निम्मे म्हणजे आठ.

मी एकदा त्याला विचारले होते, घरी एवढी तेजी असताना हे कशाला?

तो म्हणाला, "आमच्या वावराले मोजणीवाला आला, मास्तर. बांधावरूनच म्हने चौदा आणे. खाली वाकून माती हातात घेतली नाई. मी मनात म्हटलं, हे काम मले आलं पाह्यजे. मी वाकीन."

त्याच्या बापाने त्याला एक वर्ष दिले होते. त्या वर्षात मोजणीत लागला तर लागला, नाही तर वेचणीच्या आत घरी. दुसरे वर्ष मिळणार नव्हते. वेचायला माणूस मिळत नव्हता त्या दिवसांत, आणि घरचा धट्टाकट्टा मुलगा पाटी घेऊन बसतो हे त्या घराला परवडणारे नव्हते. हे सारे मला माहीत होते. माहीत नव्हते असे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

बीजगणिताच्या पहिल्याच महिन्यात त्याने मला अडवले. फळ्यावर मी उदाहरण सोडवले होते आणि य बरोबर सात आला होता.

"मास्तर, काल त य बारा होता."

"कालचे उदाहरण वेगळे."

"अक्षर त तेच हाय न. काल बारा, आज सात. मंग हा य हाय तरी किती?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "य म्हणजे उदाहरणात लपवलेला आकडा. तो शोधून काढायचा. समजले?"

तो उभाच राहिला. "लपला असन त शोधता येईन, मास्तर. पन जो अजून झालाच नाई, तो?"

"म्हणजे?"

"म्हनजे आता वावरात पराटी हाय. बोंड फुटलं नाई. किती कापूस येईन ते कोनाले मालूम? तो काही लपला नाई कुठी. व्हायचाच हाय. त्याले य म्हनता येते का नाई?"

मागून एक जण म्हणाला, "मास्तर, ह्याले वावरात य पेरायचा हाय!"

"पेरू द्या न," दुसरा म्हणाला. "दर झाडाले चार य लागले म्हनजे झालं."

या वेळी मीही हसलो. उत्तर येत नव्हते म्हणून हसलो. त्याने चिरडीला न येता पाटी मांडीवर घेतली आणि तो खाली बसला. पुढे तो असे प्रश्न माझ्याकडे पाहून विचारीनासा झाला. पाटीकडे पाहून, अर्धवट स्वतःशी विचारी. एकदा मी ऐकले, तो शेजाऱ्याला सांगत होता, "आपन बारा आणे पीक म्हनतो का नाई? तुह्यं पुरं पीक येगळं, माह्यं पुरं येगळं. पन बारा आणे म्हटलं का दोघालेई समजते. पुरं किती हे न सांगता आपन बोलून राहिलो. य तसाच हाय, बापा. पुऱ्याच्या जागी बसवला हाय." मी त्याला गप्प बसायला सांगितले. वर्गात कुजबूज चालणार नाही, म्हणालो.

वेचणीच्या तोंडावर अमरावतीहून परीक्षक आले. मोजणी खात्याला आमच्या शाळेतून एक माणूस हवा होता, एकच. परीक्षकांनी तोंडी प्रश्न घेतले, अपूर्णांक घेतले, आणि शेवटचे उदाहरण लिहून सोडवायला दिले. त्याचा मजकूर माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही. दोन शेते सारख्या कसाची व सारख्या आकाराची आहेत. यंदा एकात कापसाचे पीक बारा आणे आले, दुसऱ्यात दहा आणे. दोन्ही शेतांचे मिळून पीक मांडून दाखवा.

उदाहरण सांगून ते निघाले. त्यांना त्याच दिवशी बाळापूरला पोचायचे होते. कागद तपासून जो योग्य वाटेल त्याचे नाव सोमवारच्या टपालाने अमरावतीला पाठवा, असे मला सांगून गेले. तो मंगळवार होता.

ते गेल्यावर मी उदाहरण पुन्हा वाचले आणि अडलो. पुरे पीक किती मण, ते दिलेलेच नव्हते. साहेब घाईत आकडा सांगायचे विसरले, असे मी धरून चाललो. पोरे बोरू चावत बसली होती. मी मोठ्या मनाने म्हणालो, "आकडा राहून गेला आहे. सोळा मण धरा."

सोळाच का? सोळा आणे म्हणजे पुरे, म्हणून सोळा मण. दुसरे कारण नव्हते.

सगळे बोरू चालू लागले. त्याचा चालेना.

"मास्तर, राह्यला नसन. त्याईनं दिलाच नसन."

"का देणार नाहीत?"

"द्यायचाच नाई म्हनून. मांडून दाखवा म्हटलं हाय. किती मण, असं कुठी इचारलं?" मग जरा मिस्किलपणे, "सोळा धरले त बावीस मण होते. बारा आन दहा आणे बावीसच. मंग बीजगणित कायले पाह्यजे, माही आजी सांगन."

वर्ग खो खो हसला. या वेळी हसणे माझ्यावर होते. मी ओरडलो, "सांगितले तसे कर."

त्याने तसे केले नाही. त्याने लिहिले: पुरे पीक य. पहिल्या शेताचे बारा-षोडशांश य, दुसऱ्याचे दहा-षोडशांश य, मिळून अकरा-अष्टमांश य. आणि खाली मोठ्या, खेडवळ अक्षरात एक ओळ लिहिली: पुरे पीक कितीही असो, हे खरे राहील.

संध्याकाळी उजेड असतानाच मी कागद तपासले. कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा होता, नेटका, आज्ञाधारक. त्याचे बावीस मण सुवाच्य अक्षरात होते. त्याला मी पहिला ठरवले. अकरा-अष्टमांश य या उत्तरावर लाल शाईने आडवी रेघ ओढली आणि लिहिले, उत्तर अपुरे. त्या क्षणी माझी खरोखरच तशी समजूत होती. अज्ञानापोटी ओढलेल्या त्या रेघेबद्दल मी आज स्वतःला फारसा दोष देत नाही. माझा दोष पुढचा आहे.

बुधवारी सकाळी अंघोळ करून बसलो तेव्हा ती खालची ओळ डोक्यात पुन्हा पुन्हा येऊ लागली. कितीही असो, हे खरे राहील. मला वाटले, हे खोटे आहे हे दाखवून कागदावर टीप लिहावी, म्हणजे कोणी विचारले तर पंचाईत नको. मी आकडे घालून पाहिले. पुरे पीक आठ मण धरले. बारा आण्यांचे सहा, दहा आण्यांचे पाच, मिळून अकरा. अकरा-अष्टमांशाने अकराच आले. चोवीस धरले. तेहेतीस आले, तसेही आणि असेही. चाळीस धरले, पंचावन्न. मग मी बार्शीटाकळीचे आमचे इनामाचे शेत आठवले आणि त्याचे पुरे पीक घातले. तेही जुळले. कारकुनाच्या मुलाचे बावीस मण फक्त एकाच शेताला लागू होते, मी मनाने उभ्या केलेल्या सोळा मणांच्या शेताला. असे शेत अकोल्यात कोणाचे होते की नव्हते, देव जाणे. अकरा-अष्टमांश य हे उत्तर सगळ्या वऱ्हाडातल्या शेतांना लागू होते. ज्यांत अजून बोंड फुटले नव्हते त्यांनाही.

य हा लपलेला आकडा नव्हता. ती जागा होती. तिच्यात कोणतेही शेत येऊन बसू शकत होते. दोन वर्षे मी त्या अक्षराला हाताने उचलून इकडचे तिकडे करत होतो आणि ते मला त्या सकाळी प्रथम दिसले. खरे सांगतो, आधी आनंदच झाला. लहानपणापासून म्हणत आलेल्या एखाद्या ऋचेचा अर्थ अचानक कळावा तसे झाले. तो आनंद पळभर टिकला. मग लाल रेघ दिसली.

सोमवारला पाच दिवस होते. नवा कागद घेऊन दुसरे नाव लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढेच काम होते. पण नाव बदलायचे तर का बदलले हे सांगावे लागणार. मंगळवारी भर वर्गात सोळा मण धरा म्हणून ओरडणारा मास्तर बुधवारी म्हणणार, की माझेच चुकले, मला बीजगणितातले पहिले अक्षर कळत नव्हते? कारकून कचेरीत बोलणार, कचेरीतून अमरावतीला जाणार. मी नवा, वरच्या वर्गाचा, घरात पहिला सरकारी नोकर. आणि हेही लिहितो: त्याच्या जागी आमच्या आळीतला कोणी असता तर मी काही वाट काढली असती. कुणब्याचा आहे, घरी शेत आहे, तेजी आहे, त्याचे काय अडते, असे मी मनाशी म्हणालो. ते म्हणताना मला बरे वाटले होते, ते अधिक वाईट.

शुक्रवारी तो शाळा सुटल्यावर थांबला. वर्गात आम्ही दोघेच.

"मास्तर, माहा कागद पाह्यला का?"

"पाहिला."

"कसा हाय?"

त्या वेळी मला सगळे कळत होते. बुधवारपासून कळत होते. मी म्हणालो, "उत्तर अपुरे आहे."

"मंग पुरं कसं करावं?"

"आकडा हवा होता."

"कोन्ता?"

मी खिडकीबाहेरच्या गाठींकडे पाहत म्हणालो, "सोळा."

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. एखाद्या आजारी माणसाकडे पाहावे तसे. मग "बरं" म्हणाला. पागोटे सारखे केले, पाटी बगलेत मारली. दारात थांबून म्हणाला, "वेचनी लागली. सोमवारी मी येनार नाई. काही निरोप असन त मावशीकडे सांगा." मी मान हलवली. सोमवारी टपाल गेले. निरोप सांगण्यासारखे काही नव्हते.

कारकुनाचा मुलगा मोजणीत लागला. त्याने काम चांगले केले असे ऐकले. त्याच्याबद्दल माझ्या मनात वाकडे नाही.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. तिथे वर्गापुढे उभा राहिलो आणि पहिल्याच दिवशी पोरांना विचारले, बारा आणे पीक म्हणजे किती मण? कोणी दहा म्हणाले, कोणी तीस, मग भांडू लागले, आणि भांडता भांडता एकाला उमगले की पुरे पीक किती ते सांगितलेलेच नाही. "त्या पुऱ्याच्या जागी य लिहा," मी म्हणालो. घटकाभरात सगळ्या वर्गाला कळले. ज्याला मला दोन वर्षे लागली होती! पुढच्या वर्षी तपासनीस आले, ते खूश झाले. इतकी सोपी, इथल्या मातीतली रीत तुम्हाला कशी सुचली, असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. मी नम्रपणे हसलो. त्यानंतर तीसेक वर्षे दर जून महिन्यात मी ते आणे शिकवले आणि दर वर्षी माझी वाहवा झाली. मी बीजगणिताचा चांगला शिक्षक म्हणून ओळखला जातो. ती सारी ओळख एका माणसाच्या पाटीवरून उचललेली आहे.

तेजी केव्हाच संपली. माझे केस पांढरे झाले. गेल्या हिवाळ्यात बाळापूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथे त्याच्या गावचे कोणी भेटले. म्हणाले, आहे की, आमच्या गावात पिकाचे आणे ठरवताना त्यालाच पुढे करतात. वावरात उतरतो, माती हातात घेतो, झाडाला हात लावतो, मग बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी करून गेलो.

तो वावरातच होता. बाया वेचत होत्या, तो भारे बांधत होता. मिशी पिकली होती. मला त्याने लगेच ओळखले.

"मास्तर! तुमी? अन् इकडं काहून?" त्याने घोंगडी झटकून बांधावर पसरली, तांब्यातून पाणी दिले. "बसा. म्हतारे झाले न तुमी."

"तूही झालास."

"मी त तवाच झालो होतो. पाटी ठेवली अन् झालो." तो हसला. हसण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळे मला धीर आला. वाटले, याच्याजवळ बोलता येईल.

मी सांगितले. तुझे उत्तर बरोबर होते, म्हणालो. सोळा मण मी मनाने घातले. साहेबांनी आकडा मुद्दामच दिला नव्हता.

"ते मालूम हाय मले," तो भारा आवळत म्हणाला. "बरोबर होतं हे मले तवाच मालूम होतं. तुमाले नवं नवं होतं ते, मास्तर. तुमाले कोनी शिकवलंच नसन. मी पोराइले सांगतो, आमचे मास्तर मानूस चांगले, गनितात तेवढे कच्चे. न येनं हा काही गुन्हा व्हय?"

मी तिथेच थांबायला हवे होते. पाणी पिऊन उठायला हवे होते. पण मला पुरते हलके व्हायचे होते. मी म्हणालो, "तसे नाही. मंगळवारी कळत नव्हते. बुधवारी सकाळी कळले. तू शुक्रवारी विचारायला आलास तेव्हा मला माहीत होते. टपाल सोमवारी गेले."

त्याचे हात थांबले.

"शुक्रवारी मालूम होतं तुमाले."

"होते."

"मी इचारलं कोन्ता आकडा. तवा मालूम होतं."

"हो."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. दूर बाया ओळीने पुढे सरकत होत्या, त्यांच्याकडे पाहत होता. मी म्हणालो, मला क्षमा कर. हे शब्द मी तीस वर्षे मनात घोळवले होते आणि उच्चारताना ते एखाद्या अर्जातल्यासारखे वाटले.

"इतकी सालं मले वाटत होतं, मास्तराले आलं नाई," तो हळू म्हणाला. "आलं नाई म्हनून गेलं माह्यं. त्याचा कोनाले राग धरता येते? पाऊस आला नाई त त्याचा राग धरत नाई मानूस. मी सुखानं वावर केलं. आता तुमी गाडी करून येता अन् सांगता." त्याने मान हलवली. "तुमचं काय, तुमाले हलकं वाटलं असन. मी आता घरी काय सांगू?"

तिकडून एका बाईने भारा उचलायला हाक मारली. त्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातातून घेतला, उरलेले पाणी बांधावर ओतले, आणि तो वावरात गेला. माझ्या गाडीला बैल जुंपून होईपर्यंत मी बांधाशी उभा राहिलो. त्याने वळून पाहिले नाही.